कठीण बी

फॉर्मवर विचारलं होतं: घरात माणसं किती?
मी लिहिलं, एक.
मग उगाच वाटलं, जास्त तर नाही ना लिहिलं.
दिवसातून कितीदा तेवढंही भरत नाही.

मंठा रोडला, बंद जिनिंगच्या शेडमध्ये
त्यांनी एकवीस मांजरं सांभाळलेली.
लोक पिल्लांपाशी गर्दी करून.
ही मागच्या पिंजऱ्यात, तोंड भिंतीकडे,
डाव्या कानाचा शेंडा कापलेला.
चिठ्ठीवर: मादी. वय अंदाजे सहा. चावते.
भुमऱ्यांची पोरगी म्हणाली, मावशी, हीच कामून?
दोनदा नेली लोकांनी, दोनदा आणून सोडली.
म्हटलं, असू दे. मला कुठं घाई आहे.

पिशवीत काय आहे ते कळल्यावर
रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला,
मांजर आडवं गेलं की आम्ही रिक्षा थांबवतो,
तुम्ही तर घरीच घेऊन चालल्या.

कपाटाखाली गेली ती गेलीच.
रात्री वाटी सरकवायची,
सकाळी रिकामी उचलायची,
आमचा तेवढाच व्यवहार.
वरच्या भेंडाळेबाई म्हणाल्या, दिसत नाही, भासत नाही,
मांजर पाळलंय का भाडेकरू ठेवलाय?

एकोणतीस वर्षं मी बियाणांच्या कंपनीत
ओल्या कागदावर शंभर शंभर दाणे मांडले.
आठव्या दिवशी मोजायचे.
उगवले इतके, कुजले इतके,
आणि शेवटच्या रकान्यात: कठीण बी.
म्हणजे मेलेलं नाही.
पाणी अजून आत घेतलेलं नाही, एवढंच.
नव्या पोरी ते कुजलेल्यात धरायच्या.
मी खोडून परत लिहायला लावायची,
त्या मागून मला काय काय म्हणायच्या ते ठाऊक आहे.

वैशाखात नळ बाराव्या दिवशी आला.
त्या रात्री लाईटही गेली.
अख्ख्या जालन्यात गार म्हणावी अशी
रांजणाखालची तेवढी फरशी.
चटई न घेता तिथंच आडवी झाले
आणि अंधारात कळलं,
जागा आधीच कुणीतरी धरलीय.
दोघीही हललो नाही.
मध्ये हातभर फरशी.
पहाटे पाहिलं तर वीतभर उरलेली.
सरकलं कोण, मला खरंच माहीत नाही.

नाव ठेवायचं राहूनच गेलं.
मी तिला अगं म्हणते.
ह्यांनी मला जन्मभर तेच म्हटलं,
माझं नाव कधी तोंडात घेतलं नाही,
आणि मला ते टोचायचं, बोलले नाही कधी.
आता भाकरी थापताना
अगं, सरक ना, असं माझ्याच तोंडून निघतं
आणि मीच वळून बघते.

सकाळी दूध आणायला निघाले की
नेमकी उंबऱ्यात आडवी जाते.
सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या,
बस घडीभर, घोटभर पाणी पी, मग जा.
बसते. पाणी पिते.
बाहेर गिरणीच्या काजळीनं तुळस काळवंडलेली,
ती पुसायलाही तेवढ्यात वेळ मिळतो.
किती वर्षांत कुणी मला थांब म्हटलं नव्हतं.

परवा शेडमधून फोन आला.
त्याच पोरीचा, जरा घाबरत घाबरत:
मावशी, कशी आहे? ठेवायची ना?
चावते का अजून?
मी मनगट पाहिलं.
चावते, म्हटलं.
पलीकडे नुसताच पंख्याचा आवाज.
परत आणून देता का, असं ती विचारणार,
त्याच्या आत मी म्हटलं,
अगं, ठेव आता, दूध उतू जायलंय.

फोनवरची हो म्हणाली.
कपाटावरची
उठून आली.